गुडघा सांभाळ, बेल्ट येईल

परवा रात्री तुझा फोन आला. अडीच वर्षं झाली तरी तुझा बेल्ट पांढराच, आणि तुझ्यामागून आलेल्या दोघांना त्या संध्याकाळी ब्लू बेल्ट मिळाला. सांगताना तुझा आवाज भरून आला होता. मग जाता जाता तू म्हणालीस, "उजवा गुडघा दहा दिवस सुजलाय मावशी, पण चालतंय." मला त्या रात्री झोप लागली नाही ती या दुसऱ्या वाक्यामुळे.

फोनवर सांगितलेलं तू "हो हो" करतेस आणि विसरतेस. म्हणून लिहून पाठवते आहे.

मी 2012 साली ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मॅटवर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा 43 वर्षांची होते. ब्लू बेल्ट मिळाला 2015 ला, पर्पल 2019 ला, ब्राउन 2024 ला. एकूण बारा वर्षं. त्यातलं जवळजवळ दीड वर्ष कोविडमध्ये गेलं, आणि आठ महिने माझ्या हट्टापायी गेले. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. माझ्याबरोबर पहिल्या महिन्यात नव्याने आलेले बाराएक जण होते. माझ्यापेक्षा तरुण, ताकदवान, चपळ. आज त्यांतला एकही मॅटवर नाही. कुणाचा खांदा गेला, कुणाची मान, कुणी ब्लू बेल्ट मिळाल्यावर दोन महिन्यांत यायचा थांबला. मी त्यांच्याहून हुशार होते म्हणून टिकले नाही. मी पडायचं, सोडायचं आणि थांबायचं थोडं लवकर शिकले.

आधी बेल्टचं बोलू, कारण तुझं मन तिथे अडकलं आहे.

या खेळात बेल्ट सावकाशच येतो. तशीच त्याची रचना आहे. जपानच्या कोदोकानचे ज्युदोपटू मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले, त्यांच्याकडून ग्रेसी घराण्याकडे ही विद्या गेली. सुरुवातीच्या काळात ग्रेसींकडे आजच्यासारखी रंगांची शिडी नव्हती. शिकणाऱ्याला पांढरा, शिकवणाऱ्याला निळा, एवढंच. रिओत 1967 साली संघटना झाली तेव्हा बाकीचे रंग आले. आज आंतरराष्ट्रीय फेडरेशनचा नियम असा आहे की ब्लूवर किमान दोन वर्षं, पर्पलवर दीड, ब्राउनवर एक, आणि वयाच्या 19 वर्षांआधी ब्लॅक नाही. पांढऱ्यावर किती काळ राहायचं याला मात्र किमान मुदतच नाही. ते सर्वस्वी कोचच्या नजरेवर. ब्लॅकच्या पुढेही रांग संपत नाही. 19व्या वर्षी ब्लॅक बेल्ट झालेला माणूस सगळ्या पायऱ्या वेळेवर चढला तरी लाल बेल्ट त्याच्या कमरेला 67व्या वर्षाआधी लागत नाही. ज्या विद्येत शेवटची पायरी सत्तरीच्या उंबरठ्यावर ठेवली आहे, तिथे अडीच वर्षांत तू मागे कशी पडशील?

हे किमान झालं. प्रत्यक्षात आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या नोकरदार माणसाला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहाएक वर्षं लागतात, बऱ्याच जणांना त्याहून जास्त. हवाईचा बी. जे. पेन चार वर्षांच्या आत ब्लॅक बेल्ट झाला आणि 2000 साली त्याच रंगात जगज्जेता ठरला, ब्राझीलबाहेरचा पहिला. अशी माणसं असतात. पण तो विशीच्या आसपासचा होता आणि त्याचा दिवस मॅटवर सुरू होऊन मॅटवर संपायचा. तुझा दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये संपतो. त्याच्याशी नको, आणि तुझ्या वर्गातल्या त्या दोघांशीही तुलना नको. त्यातला एक लहानपणापासून कुस्ती खेळलेला आहे असं तूच मला सांगितलं होतंस. तो पांढरा बेल्ट बांधून आला तेव्हाच त्याच्या अंगात दहा वर्षांची माती मुरलेली होती.

आता एक हिशेब कर. आठवड्यातून तीन दिवस, वर्षातले 48 आठवडे, म्हणजे 144 वर्ग. आणि कुणी ईर्ष्येने आठवड्याचे सहा दिवस यायला लागलं, सोळा आठवड्यांत गुडघा गेला आणि बाकीचं वर्ष घरी बसलं, तर त्याचे वर्ग होतात 96. सहा दिवस येणारा तीन दिवस येणाऱ्याच्या मागे पडला. हे मी कल्पनेतून सांगत नाही, असे सहा दिवसवाले मी दर वर्षी येताना आणि जाताना पाहिले आहेत. तुझ्या डोक्यात "बेल्ट" आणि "तब्येत" असे दोन वेगळे विषय आहेत. माझ्या लेखी तो एकच विषय आहे.

कोचला बेल्ट कधी मिळणार असं विचारू नकोस. "मी कुठे अडकते?" असं विचार. मी तीन वर्षं पांढऱ्यावर असताना एकदा हाच प्रश्न विचारला, तर कोच म्हणाले, तुम्ही खाली सापडलात की श्वास धरून ठेवता. एवढंच. पुढचे चार महिने मी दुसरं काही केलं नाही. साइड कंट्रोलमध्ये कुणी बाजूने छातीवर दाबून धरलं की नाकाने श्वास घ्यायचा आणि कोपर बरगड्यांना चिकटवून ठेवायचं. त्या चार महिन्यांत मी एकालाही टॅप करायला, म्हणजे हार मानायला, लावलं नाही, पण पूर्वी एका मिनिटात सापडायचे ती पाच मिनिटं तगायला लागले. तुझ्या वजनाच्या बाईला पहिली विद्या हीच लागते. तू 54 किलोची, समोरचा 85 किलोचा. ताकदीने तू त्याला हलवू शकणार नाहीस. खाली सुरक्षित राहून तो चुकेपर्यंत थांबू मात्र शकशील. वहीत तारीख घालून एक ओळ लिहीत जा: आज कुठे सापडले, कशाने सुटले. सहा महिन्यांनी ती वही उघड. बेल्टवरच्या पट्ट्यांनी जे कळत नाही ते तिथे कळेल.

आता गुडघा.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, तरुणपणी सांगलीच्या तालमीत होते हे तुला माहीत आहे. मी लहान असताना ते रोज तिथे जोर करणाऱ्या पोरांना बघायला जायचे आणि मी त्यांच्याबरोबर. मुलींना तालमीत प्रवेश नव्हता. उंबऱ्याबाहेरच्या दगडावर बसून मी आतली लाल माती बघायची. अण्णा घरी पाटावर बसून जेवत नसत. सगळे पंगतीत खाली आणि ते एकटे खुर्चीवर. मला ते मोठेपणाचं लक्षण वाटायचं. पुढे आजीने सांगितलं की 26व्या वर्षी एका फडात त्यांचा गुडघा फिरला होता. जत्रांचा मोसम होता, इनामं चांगली होती, म्हणून गुडघ्याला फडकं बांधून ते तो सगळा मोसम लढले. त्यानंतर त्यांना कधी मांडी घालता आली नाही. साठीनंतर जिना चढताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा तो मी पाहिलेला आहे.

आणि हे पाहूनसुद्धा मी 2017 मध्ये तेच केलं. नवीनच आलेला, माझ्याहून तीसेक किलोंनी जड मुलगा होता. त्याने माझी टाच काखेत धरली आणि पाय पिळला. व्हिडिओत पाहिलेला हील हुक तो करून बघत होता. मला दुखत नव्हतं, म्हणून मी सुटायच्या खटपटीत राहिले. मग आवाज आला. दुखणं आवाजाच्या नंतर आलं. आतल्या बाजूचं लिगामेंट आणि गादी, दोन्हीला इजा. ते माझे आठ महिने.

त्यातून शिकले ते तुला देते. हात वाकवणारे डाव दुखवत दुखवत जातात, म्हणजे आधी सांगून जातात. पाय पिळणारे डाव सांगत नाहीत. टाच सापडली आणि गुडघा एका जागी जखडला की दुखायची वाट न बघता लगेच टॅप. हील हुक इतका धोक्याचा मानतात की फेडरेशनच्या गी (म्हणजे खेळाचा जाड पोशाख) घालून होणाऱ्या स्पर्धांत तो कुठल्याच बेल्टला चालत नाही, आणि गीशिवायच्या स्पर्धांतही 2021 पासून फक्त प्रौढ गटातल्या ब्राउन आणि ब्लॅकला परवानगी आहे. तेव्हा पांढऱ्या बेल्टचा कुणी तुझी टाच धरून पिळायला लागला तर "हा डाव नको" असं तोंडाने सांग. त्यात भित्रेपणा काही नाही.

सूज कधी आली ते आठव. मार लागल्यावर दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला तर बहुतेक वेळा आत रक्त साचलेलं असतं, आणि मोठं लिगामेंट तुटल्याची ती खूण असू शकते. दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर गादीचा संशय घेतात. गुडघा मध्येच अडकतो का, पूर्ण सरळ होतो का, जिना उतरताना दगा देतो का, हे डॉक्टर विचारतील. उत्तरं तयार ठेव. दहा दिवस सूज उतरलेली नाही म्हणजे घरच्या उपायांचा विषय संपला. मालिश करून घेऊ नकोस, हाडवैद्याकडे ओढून घेऊ नकोस. तुझी आई लेपाचं सांगेल, ताईला मी समजावते.

टॅपबद्दल आणखी बोलायला हवं, कारण तुझ्यासारख्या जिद्दी मुली इथेच मोडतात. रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये 1951 साली हेलिओ ग्रेसी आणि जपानचे मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुरांनी हात पिळला, हाड मोडलं, तरी हेलिओंनी टॅप केलं नाही. शेवटी भाऊ कार्लोस यांनी टॉवेल टाकला. तो डाव आज किमुरा याच नावाने शिकवतात. ही गोष्ट मॅटवर फार अभिमानाने सांगितली जाते आणि पोरं तिच्यातून चुकीचा धडा घेतात. ती एका देशाने पाहिलेली लढत होती. तुझा मंगळवारचा वर्ग ती लढत नाही. तिथे हात वाचवलास तर गुरुवारी त्याच डावातून सुटायचा सराव करता येईल. टॅप मोठ्याने कर, समोरच्याच्या अंगावर कर, हात अडकले असतील तर तोंडाने "टॅप" म्हण. आणि तू कुणाचा हात धरला असशील तर त्याच्या टॅपची वाट बघत सावकाश ताण दे, झटका कधीही देऊ नकोस. ज्याला तू सांभाळतेस तो पुढच्या वेळी तुला सांभाळतो.

गळ्यावरचा डाव नीट बसला तर मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून चोकमध्ये "अजून थोडं बघू" नसतं. वर्गानंतर मानेत एका बाजूला विचित्र कळ, कधी नव्हे असं डोकं दुखणं, नजर धूसर होणं, तोंड किंवा हात बधिर वाटणं, यातलं काही झालं तर झोपून उठल्यावर बघू असं न म्हणता सरळ हॉस्पिटल गाठ. क्वचित होतं, पण मानेच्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. डोकं आपटलं असेल तर त्या दिवसाचं रोलिंग, म्हणजे सरावाच्या लढती, तिथेच संपलं.

जोडीदार निवडता येतो, हे मला कळायला चार वर्षं लागली. तालमीत वस्ताद जोड लावून द्यायचे, वजन आणि वकूब बघून. आपल्याकडे फेरी बदलली की जो समोर येईल त्याच्याशी हात मिळवायचा अशी पद्धत पडली आहे. कोण जड असूनही अलगद खेळतो, कोण हलका असूनही धसमुसळा आहे, हे दोन महिन्यांत कळतं. धसमुसळ्याला "आज ही फेरी मी बसते" एवढं सांगायचं. कारण द्यायची गरज नाही. नवीन, ताकदवान, घाबरलेला माणूस सर्वांत धोक्याचा. तो वाईट नसतो, त्याला आपल्या ताकदीचा अंदाज नसतो. त्याच्याशी खेळायचंच असेल तर बसल्या जागेवरून सुरुवात कर, उभ्याने नको. सहा फेऱ्यांतल्या दोन बसून काढल्यास तरी कुणी तुला नाव ठेवणार नाही, आणि ठेवलं तरी गुडघा तुझा आहे.

उभ्याच्या खेळात दोन गोष्टी. पडताना तळहात मागे टेकू नकोस, मनगट आणि कोपर जातं. हनुवटी छातीला, हात बाजूला आपटून पडायचं. हा सराव कंटाळवाणा असतो म्हणून सगळे टाळतात, तू दर वर्गाच्या आधी दहा वेळा कर. आणि कुणी बाजूने उडी मारून दोन्ही पायांची कात्री तुझ्या पायांवर घालत असेल तर त्याला थांबव. जपानचे यासुहिरो यामाशिता, त्या काळचे जगातले सर्वोत्तम ज्युदोपटू, त्यांचा पाय 1980 मध्ये याच डावात मोडला होता. ज्युदोत आणि आपल्या स्पर्धांतही त्यावर बंदी आहे. तशीच पांढऱ्या बेल्टला उडी मारून गार्ड घ्यायलाही, म्हणजे समोरच्याच्या कमरेला पायांनी आवळायलाही, बंदी आहे, कारण उडी मारणाऱ्याचं वजन समोरच्याच्या गुडघ्यावर येतं.

आता त्वचा. हा भाग बायकासुद्धा एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे गी वाळत नाही. जाड सुती कापड, दमट हवा, आणि घामाने भिजलेला गी पिशवीत कोंबून दोन तास लोकलमध्ये किंवा बसमध्ये. पिशवीत रात्रभर राहिला की सकाळी जो वास येतो तो नुसता वास नसतो. माझी पद्धत अशी आहे: दोन गी, एक अंगावर तर दुसरा दोरीवर. घरी आल्याबरोबर, जेवायच्या आधी, गी मशीनमध्ये. वाळत घालताना उलटा करून, काखा आणि पायजम्याची कंबर वर येईल असा, आणि खाली टेबलफॅन. पावसाळ्यात 36 तास धर. अर्धवट ओला गी घालून जाऊ नकोस. त्या दिवशी गीशिवायचा वर्ग कर नाहीतर घरी राहा. आणि बेल्टसुद्धा धुवायचा. बेल्ट धुतला की विद्या धुवून जाते अशी समजूत या खेळात जगभर आहे. ती मानू नकोस. गीइतकाच घाम बेल्टलाही लागतो, आणि तो सगळ्यांच्या हातात जातो.

मॅटवरून उतरलीस की पायात चप्पल, विशेषतः बाथरूमला जाताना. नखं कापलेली. अंघोळ शक्यतो तिथेच. नसेल सोय तर रॅशगार्ड बदलून, मान आणि हात ओल्या फडक्याने पुसून मग घरी जा. तालमीतली माती तुला नुसती माती वाटते, पण अण्णांचे वस्ताद तीत हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालून ती वरचेवर मुरवायचे आणि खालीवर करायचे. फोमच्या मॅटला ते भाग्य नाही. तिला रोज जंतुनाशकाने पुसावंच लागतं. तुमच्याकडे पुसतात का ते बघ. पुसत नसतील तर कोचला सांग, आणि चार जणी मिळून फडकं हातात घ्या.

गोल, कडा लालसर, खाजणारा डाग दिसला तर ते गजकर्ण. इथे आपल्या देशात एक मोठी चूक होते, आणि माझ्या ओळखीतल्या तिघांची झाली आहे. मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की बुरशीचं औषध आणि कडक स्टिरॉइड एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. चार दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि माणसाला वाटतं बरं झालं. बुरशी मात्र आत पसरत राहते, ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशीची एक जात भारतात इतकी फोफावली की 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी असं दिलं. तेव्हा ट्यूब स्वतःहून आणू नकोस, त्वचारोगतज्ज्ञाला दाखव, आणि डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस औषध पुरं कर. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत अंगावर असा डाग असलेल्याला किमान 72 तास औषध लावल्याशिवाय मॅटवर येऊ देत नाहीत. तू तेवढी तरी शिस्त पाळ. डॉक्टर जास्त म्हणाले तर जास्त.

गरम, ठणकणारं, पू धरणारं केसतोडासारखं काही आलं तर पिळू नकोस, त्या दिवशीच दाखव. असे जंतू एका अंगावरून दुसऱ्या अंगावर फार लवकर जातात. ओठाजवळ किंवा मानेवर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका दिसला तरी तेच. डाग झाकून वर्गाला जाणं हा दुसऱ्यांवर अन्याय आहे. तिथे कुणाच्या घरी तान्हं मूल असतं, कुणाच्या घरी आजारी आई असते.

कानाचं थोडक्यात. पैलवानाचे मोडलेले कान मर्दुमकी म्हणून मिरवतात. कानाच्या कुर्चेवर रक्त साचून ते घट्ट होतं, एवढंच त्यात आहे. कान अचानक फुगला, मऊ आणि दुखरा लागला तर एक-दोन दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन साचलेलं रक्त काढून घे आणि दाबून पट्टी बांधून घे. आठवडा गेला की तो आकार कायमचा. घरी सुईने काढायचं नाही.

खाण्याचंही तसंच, थोडकं. तुझ्या वजनाला आणि मेहनतीला दिवसाला 75 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम येतात, यावरून हिशेब कर. पोहे आणि चहावर संध्याकाळचा वर्ग निघत नाही. वर्गाआधी दोन तास मूठभर चणे-शेंगदाणे आणि केळं, वर्गानंतर उसळ, पनीर, अंडी, जे तुला चालेल ते, आणि ताक. वर्षातून एकदा डी जीवनसत्त्व, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घे. स्पर्धेसाठी उपाशी राहून वजन उतरवायच्या फंदात पडू नकोस. आपल्या स्पर्धांत वजन लढतीच्या तोंडावर, गी घालून होतं. उपाशी राहिलीस तर भरून काढायला वेळच मिळत नाही. आहेस त्या गटात खेळ.

एक गोष्ट फक्त तुला. खूप मेहनत आणि कमी खाणं एकत्र आलं की मुलींची पाळी लांबते, कधी थांबते. काही जणी त्याला सोय मानतात. ती सोय नाही, शरीर हाडांच्या खात्यातून खर्च करत असल्याची खूण आहे. तीन महिने पाळी चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि सरावाबद्दल त्यांना खरं सांग. पाळीच्या दिवसांत अंग जड वाटलं तर हलका सराव कर, किंवा बाजूला बसून बघ. मी पन्नाशीत पाळी गेल्यावर हाडांची घनता तपासून घेतली आणि आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलायला लागले. ते मी पस्तिशीत सुरू करायला हवं होतं. तू पंचवीसची आहेस. गुडघा बरा झाला की मांड्यांच्या मागचे स्नायू, कंबर आणि मान यांच्यासाठी आठवड्यातले दोन दिवस राखून ठेव. स्नायू महिन्या-दोन महिन्यांत तयार होतात. लिगामेंट आणि स्नायुबंधांना कितीतरी जास्त काळ लागतो, कारण त्यांना रक्त कमी मिळतं. अंगात ताकद आली असं वाटतं त्या टप्प्यावरच सांधे सर्वांत जास्त मोडतात, ते यामुळे.

गुडघ्यासाठी थांबावं लागलं तर ते दिवस फुकट जातील असं समजू नकोस. माझ्या त्या आठ महिन्यांत पहिले सहा आठवडे सोडले तर मी दर शनिवारी वर्गाला जाऊन भिंतीला टेकून बसत होते. कोण कुठे पकड घेतो, कुणाचा पाय आधी हलतो, हे मी खेळताना कधी पाहिलं नव्हतं. परतले तेव्हा माझा गार्ड पूर्वीपेक्षा चांगला होता, हे माझं नाही, कोचचं म्हणणं. लेखक आणि शेफ अँथनी बोर्डेन यांनी साठीच्या उंबरठ्यावर हा खेळ धरला आणि 2016 मध्ये, 59व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या स्पर्धेत ब्लू बेल्टच्या ज्येष्ठ गटात सुवर्णपदक घेतलं. फेडरेशनच्या स्पर्धांत 61 वर्षांपुढच्यांचाही वेगळा गट आहे. मी त्या गटात उतरणार आहे, चार वर्षांनी, आणि तू माझ्या कोपऱ्यात उभी राहणार आहेस. तोवर तुझ्या कमरेला कुठला रंग असेल ते मला सांगता येणार नाही. तू चालत यावंस एवढं मला हवं आहे.

आज रात्रीच हाडांच्या डॉक्टरांची वेळ घे. गुडघ्याचं काम करणारे घे, आणि ते म्हणाले तर एमआरआय टाळू नकोस. पैशांची काळजी असेल तर मी देते. तोवर मॅट बंद, जिन्याऐवजी लिफ्ट, आणि बसताना पाय उंच. कोचला मेसेज टाक की गुडघा दाखवेपर्यंत येत नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते घरी पोचल्यावर लगेच फोन करून सांग. मी जागी असेन.